चौकटी कंस

"मला इथेच सोडा. तुम्ही घरी परत जा. माझी वाट पाहू नका."

यंत्राने ही तीन वाक्यं बाईंच्या आवाजात म्हटली तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आवाज हुबेहूब होता. 'वाट' म्हणताना बाई शेवटच्या अक्षरावर जरा जोर देत, तोसुद्धा त्यात होता. तो जोर मीच बसवला होता, त्यांच्या जुन्या व्याख्यानांच्या रेकॉर्डिंगवरून, आणि आदल्याच आठवड्यात त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

पलंगावर डॉ. शैलजा उकिडवे होत्या. वय अडुसष्ट, अक्कडियन भाषेच्या अभ्यासक, माझ्या बाई. बारा दिवसांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोक्यावर सेन्सरची जाळीदार टोपी होती, उशाशी आमचं यंत्र होतं. यंत्राचं नाव 'पूरक'. बाईंनी डोळे माझ्याकडे वळवले. डावा हात पांघरुणातून वर आला, तर्जनी हवेत वरून खाली गेली आणि हात धपकन खाली पडला. पुन्हा तेच केलं.

"हातानंही नको म्हणतायत," नर्स म्हणाली आणि तिने तशी नोंद केली.

पायथ्याशी काका होते, म्हणजे बाईंचे यजमान दिगंबर उकिडवे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. पुराच्या पाण्यात उभं राहून हुकूम सोडले असतील त्यांनी, पण आता पलंगाची दांडी धरून नुसते उभे होते.

डॉ. नसीमा तांबोळींनी पडद्यावरचा आकडा वाचला. "विश्वासार्हता सत्त्याण्णव टक्के." मग आम्हाला बाहेर यायची खूण केली.

बाहेर त्या जे बोलल्या ते मला आधीच माहीत होतं. बाईंच्या मानेतली डावी रक्तवाहिनी नव्वद टक्के बुजली होती. दोन आठवड्यांच्या आत ती साफ केली तर बाई बऱ्याच सावरतील. नाही केली तर दुसरा झटका कधीही येईल आणि तो बहुधा शेवटचा असेल. शस्त्रक्रिया त्याच दुपारी दोनला ठरली होती. शल्यविशारद बाहेरगावचे, ते त्यानंतर थेट आठवड्याने मिरजेला येणार होते.

"पण आता मी त्यांना टेबलावर घेऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रुग्णवाणी कायदा तुम्हाला माहीतच आहे. प्रमाणित यंत्रातून रुग्ण स्वतः नाही म्हणाला, तर घरच्यांचा होकार चालत नाही. काका, तुम्ही सही केलीत तरी उपयोग नाही."

"मग?"

"साडेबारापर्यंत काही बदललं नाही तर मला शस्त्रक्रिया रद्द करावी लागेल."

तो कायदा दोन वर्षांपूर्वी झाला तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते. चांगलाच कायदा आहे तो, मी आजही म्हणेन. बोलता न येणाऱ्या माणसाच्या वतीने पुतणे आणि जावई बोलायचे, ते बंद झालं. फक्त त्याच्या वतीने यंत्र बोलतंय का, हे विचारायचं राहून गेलं. ते विचारायचं काम ज्या चार-पाच जणांचं होतं, त्यांत मी होते.

हे यंत्र कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझा अपराध नीट कळेल.

चार हजार वर्षांपूर्वी इराकमधली माणसं ओल्या मातीच्या पाटीवर बोरू टोचून लिहीत. पत्रं, करार, शिव्याशाप, सगळं. पाट्या वाळल्या, गाडल्या गेल्या, फुटल्या. आज हाती लागते ती पाटी बहुधा कोपरा उडालेली किंवा मधोमध खड्डा पडलेली असते. भाषा अक्कडियन, अरबी आणि हिब्रूची चुलत बहीण. पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. त्यामुळे उजवी कड फुटली की आधी क्रियापदच जातं, आणि कोणी, कोणाला, कुठे हे सगळं कळून काय केलं ते कळत नाही. हजारो पाट्या वाचलेलं यंत्र अशा ठिकाणी सांगू शकतं, की इथे अमुक शब्द असण्याचा संभव मोठा. पूरक आधी फक्त एवढंच करायचं.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की वाचा गेलेल्या माणसाचं बोलणंही फुटकी पाटीच की. मेंदू बोलायचं ठरवतो आणि जिभेला, ओठांना हुकूम धाडतो. टोपी ते हुकूम बाहेरूनच पकडते. पण झटक्यानंतर सहा शब्दांतला जेमतेम एक धड येतो. मधले पाच पूरक भरतं. त्यासाठी त्याला त्या माणसाचं आजवरचं लिहिणं-बोलणं वाचायला देतात, म्हणजे ते त्याच्याच ढंगात भरेल. बाईंसाठी ते काम मी केलं. त्यांचे लेख, त्यांची व्याख्यानं, आणि त्यांनी मराठीत आणलेली तेवीसशे पत्रं.

त्या पत्रांमध्ये मी एके काळी सहा वर्षं घालवली होती.

बाईंचं पहिलं व्याख्यान ऐकलं ते एझेबुम या एका क्रियापदावर. एझेबुम म्हणजे सोडणं, मागे ठेवून जाणं. बाईंनी फळ्यावर रूपं लिहिली. ईझिब, त्याने सोडलं. इझ्झिब, तो सोडतो किंवा सोडेल. ईतेझिब, त्याने सोडलेलं आहे. मूळ धातूत तीन व्यंजनं, त्यातलं पहिलं घशातून येणारं. हिब्रूने आणि अरबीने ते जपलं, अक्कडियनमध्ये ते झिजून गेलं आणि जाता जाता शेजारच्या 'अ'चा 'ए' करून गेलं. "गेलेला पाहुणा, पण उशीवर तेलाचा डाग," बाई म्हणाल्या होत्या. आणि याच धातूच्या पुढे 'श' लागला की होतं शूझुबुम. सोडायला लावणं, म्हणजे संकटाच्या हातून सोडवणं, वाचवणं. या एका क्रियापदावर बाईंनी तीस वर्षं घालवली. ते कुठे कुठे, कोणाच्या पत्रात, कोणत्या रूपात आलंय त्याचा कोश केला. काका येईल त्याला सांगायचे, "आमच्या हिनं 'सोडणे' तेवढं काही सोडलं नाही बघा."

बाईंचा एकच दंडक होता. पाटीवर जे डोळ्याला दिसतं ते उघडं लिहायचं. जिथे पाटी फुटलीय आणि आपण अंदाजाने भरतोय, ते चौकटी कंसात. कंस विसरला तर भाषांतर कितीही सुंदर असो, शून्य मार्क. मी दोनदा शून्य घेतलंय. हा दंडक त्यांच्या इतका अंगात मुरला होता की घरात गप्पा मारतानाही सुटायचा नाही. "समोरच्या शहांच्या मुलीचं लग्न ठरलं," असं म्हणायच्या, मग दोन्ही हातांच्या तर्जन्यांनी हवेत कंस काढून त्यांच्या मधोमध, "मुलगा कॅनडातला असावा." आम्ही विद्यार्थी त्यांच्या नकला करायचो.

आठ वर्षांपूर्वी मी हे सगळं टाकून कंपनीत गेले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तेवीसशे पत्रांची डिस्क माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "गौतमी, यंत्राला शिकव. पण कंस काढू नकोस."

मी काढले.

काढले कारण कंसांसकट शिकवलं की यंत्र अडखळायचं. दर दोन ओळींनी म्हणायचं, इथे सांगता येत नाही. असं यंत्र कोण घेणार? एका दुपारी मी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळे कंस उडवले. बाईंच्या तळटिपाही गेल्या. मग पूरक धडाधड बोलायला लागलं आणि माझा पगार दुप्पट झाला.

साडेदहाला काका हॉस्पिटलच्या जिन्यावर बसले होते. मी शेजारी बसले.

"चाळीस वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती," ते म्हणाले. "परत जा म्हणे. वाट पाहू नका म्हणे. कंटाळली असेल गं. मी दिवसभर पुढ्यात बसून राहतो. परवा उशाशी तिचं पुस्तक आणून ठेवलं, म्हटलं बरं वाटेल. उघडलं आणि दिलं ढकलून. पुस्तकसुद्धा नको झालंय तिला."

"काका, असं नका म्हणू."

"का नको म्हणू? डॉक्टरीणबाई चित्रांची कार्डं दाखवतात, त्यावर बोट ठेवत नाही. तोंड फिरवते. तिनं ठरवलंय, दुसरं काय." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो तसाच धरून ठेवला. "तिची इच्छा असंल तर मी आडवा नाही यायचा. पण मला तोंडानं सांगायचं होतंस की गं बाई. यंत्राकडून कशाला?"

मला रडू आलं. पण रडता रडताच डोक्यात काहीतरी टोचत होतं. 'माझी वाट पाहू नका.' बाई असं बोलत नसत. बाई म्हणाल्या असत्या, 'ताटकळत बसू नका.' हे वाक्य बोललेलं नव्हतं, लिहिलेलं होतं. आणि ते मी कुठेतरी टाईप केलं होतं.

मी फोनवर बाईंचं पुस्तक उघडून शोध घेतला. पत्र क्रमांक एक्केचाळीस.

बेल्तानी नावाची एक बाई काफिल्याबरोबर जाताना आजारी पडते आणि वाटेतल्या गावाहून भावांना पत्र धाडते. पाटीला मधोमध खड्डा आणि उजवी कड उडालेली. छापील पुस्तकात ते असं आहे:

[इथेच सोडा] मला. घरी [तुम्ही परत जा. माझी वाट पाहू नका.]

खाली बारीक टाईपात बाईंची टीप. क्रियापदाचं शेपूट तेवढं शिल्लक आहे, बा-निन्नी. त्यातलं 'मला' पक्कं. डोकं गेलेलं. एझ्बानिन्नी असेल तर 'मला सोडा', शूझिबानिन्नी असेल तर 'मला वाचवा'. दोन्ही बसतात. मी 'सोडा' धरलं आहे, पण खात्री नाही.

 टोपीने बाईंकडून दोनच शब्द पकडले असणार, 'मला' आणि 'घरी'. पूरकने आपल्या पोतडीत पाहिलं. हे दोन शब्द असलेला मजकूर तिथे तयार होता, एकसंध, बिनकंसाचा, बिनटिपेचा, मी धुऊन पुसून ठेवलेला. त्याने तोच उचलला, मराठी वळणाने शब्द मागेपुढे केले आणि बाईंच्या तोंडात घातला. बाई चाळीस वर्षं ज्या अंदाजाला अंदाज म्हणत आल्या, तो त्यांचाच मृत्युलेख होऊन समोर आला होता. अकरा वाजले होते.

मी कंपनीत निरंजनला फोन केला. निरंजन आमचा प्रमुख, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, कधी आवाज न चढवणारा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "कच्चं रेकॉर्डिंग बघितलंस?"

"आत्ता बघितलं. दोन शब्द. बाकी सगळं भरलेलं."

"मग या एका रुग्णापुरती तांत्रिक अडचण म्हणून लिही. बॅटरी, सिग्नल, काहीही. मी मंजूर करतो."

"अडचण या रुग्णापुरती नाहीये, निरंजन. गाभाच तसा शिकवलाय. रिकामी जागा रिकामी ठेवायची असते हे त्याला ठाऊकच नाही. मी ठाऊक होऊ दिलं नाही."

पलीकडे त्याने कीबोर्डवर काहीतरी शोधल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तेवीस हॉस्पिटलं आहेत. सहाशेच्या वर निवेदनं झालीत. त्यातले काही नकार होते, गौतमी. ती माणसं गेली."

"माहीत आहे."

"अविश्वसनीय म्हणून सही केलीस की सगळीकडची यंत्रं आज बंद होतील. ज्यांचं खरंच बरोबर चाललंय त्यांचीसुद्धा. आणि पहिला प्रश्न विचारतील, कंस कोणी काढले?"

"मी सांगेन."

"थोडं थांब. विचार कर. बॅटरी लिहिलंस तरी तुझ्या बाई वाचतायत ना?"

खरं सांगते, मी विचार केला. दहा मिनिटं जिन्यावर उभी राहून केला. बॅटरी लिहिली असती तर बाई वाचल्या असत्या, माझी नोकरी राहिली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. पण ज्या डॉक्टरांना ते सांगायचं, त्यांच्यापुढे माझ्या शब्दाला काय किंमत? सहा वर्षं बाईंची विद्यार्थिनी होते. बाई जगाव्यात म्हणून मी काहीही म्हणेन, हे तिथल्या वॉर्डबॉयलाही कळत होतं. आणि मलाही पक्कं कुठे ठाऊक होतं? ते दोन शब्द सोडून बाकीचं बाईंनाही तसंच म्हणायचं असेल तर? नकार खरा असेल तर मी त्यांच्या तोंडावर हात ठेवणार होते.

मी परत रेकॉर्डिंग लावलं, या वेळी चित्रासकट. यंत्र बोलतं. बाई माझ्याकडे बघतात. डावी तर्जनी वर येते, वरून खाली सरळ रेघ काढते, टोकाला जरा आत वळते. हात पडतो. उजवा खांदा किंचित उचलला जातो. पुन्हा तर्जनी, पुन्हा खांदा.

मी तिसऱ्यांदा बघितलं आणि धावत सुटले.

"त्या नको म्हणत नव्हत्या," मी डॉ. तांबोळींना गाठून म्हटलं. "त्या कंस काढत होत्या. एकच हात चालतो म्हणून अर्धाच निघाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच गोळी द्यावी लागेल. मी हवेत दोन्ही हातांनी करून दाखवलं आणि फोनवरचं पुस्तक पुढे केलं. त्यांनी दोन पानं वाचली.

"हे बघा, हो-नाहीमध्ये त्या गोंधळतायत. सकाळी मी विचारलं, हे हॉस्पिटल आहे का, मान डोलावली. हे स्टेशन आहे का, तरी मान डोलावली. अशा अवस्थेत हातवाऱ्यांचा अर्थ तुम्ही लावणार आणि मी तो मानायचा?"

"मी लावणार नाही. तुम्ही परीक्षा घ्या."

पावणेबारा झाले होते. बाईंच्या खोलीत डॉक्टरांनी काकांनी आणलेलं छापील पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं आणि मला न दाखवता एक पान उघडलं. "पत्र सतरा."

मी फोनवर या वेळी माझीच धुतलेली प्रत उघडली, एकही कंस नसलेली. मी सरळ वाचायला लागले. "माझ्या धन्याला सांग. नावा अजून आलेल्या नाहीत. जव भिजून..."

बाईंची तर्जनी वर आली आणि रेघ ओढून खाली गेली.

"...गेले आहेत. नवीन पोती..."

उजवा खांदा उचलला गेला. जो हात हलत नव्हता त्याचं काम त्या खांद्याने करायला बघत होत्या. मला राहवलं नाही. मी पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि पुढे खांदा हलला की माझ्या उजव्या हाताने कंस पुरा करत गेले. डावा बाईंचा, उजवा माझा. मधेच काकांनी मला पाणी दिलं.

डॉक्टर पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत होत्या. पत्र संपलं तेव्हा म्हणाल्या, "चार जागा. चारही बरोबर." मग जरा थांबून, "अजून एक. एकशे नऊ." त्यातल्या तिन्ही जागा बरोबर आल्या. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण डोळे लकाकत होते. परीक्षा कोणाची चाललीय ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"आता सकाळचं वाक्य," डॉक्टर म्हणाल्या. "हळू वाचा. एकेक शब्द."

"मला."

हात पांघरुणावर स्वस्थ.

"इथेच."

तर्जनी वर आली. रेघ.

"सोडा. तुम्ही."

काहीच नाही. कंस उघडाच होता.

"घरी."

शब्द तोंडातून निघायच्या आधीच खांदा हलला. मी कंस मिटला.

"परत."

रेघ. आणि ती शेवटच्या शब्दापर्यंत उघडीच राहिली. मी 'नका' म्हटल्यावर बाईंनी खांदा उचलला, हात टाकला आणि डोळे मिटून घेतले. त्या दमल्या होत्या.

"दोन शब्द बाहेर," डॉक्टर पुटपुटल्या. "मला, घरी. नकार त्यांचा नाही." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "पण होकारही नाही, काका. एवढंच आपल्याला कळलं."

मी त्यांच्याकडून यंत्र अविश्वसनीय ठरवण्याचा फॉर्म मागून घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'यंत्र रिकाम्या जागा न सांगता भरतं. तसं मी शिकवलं.' खाली पूर्ण नाव लिहिलं, गौतमी भूपाल माणगावे, आणि सही केली. मिनिटभरात उशाशी ठेवलेल्या पूरकचा हिरवा दिवा गेला. त्याच वेळी आणखी बावीस ठिकाणी गेला असणार. निरंजनचे फोन यायला लागले, मी ते उचलले नाहीत.

आता कायद्याने निर्णय काकांचा होता. ते बाईंच्या जवळ खुर्ची ओढून बसले.

"शैला, मला घरी न्या म्हणायचंय का?"

तर्जनी. रेघ.

"मला घरी जायचं नाही?"

पुन्हा रेघ, आता चिडून.

"मला घरी... घरी करमतं?" त्या माणसाने आणखी चार-पाच क्रियापदं लावून बघितली. प्रत्येकाला बाईंनी कंसात घातलं. शेवटी काकांची क्रियापदं संपली. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर दारात उभ्या होत्या, पण त्यांनी घाई केली नाही.

"घरी काय ते मला सांगता यायचं नाही," काका म्हणाले. "ते तिचं तिलाच सांगू द्या. पण त्यासाठी ती पाहिजे ना हो, डॉक्टर? आणा तो कागद."

त्यांनी सही केली. दोनला बाईंना आत नेलं. साडेचारला डॉक्टर बाहेर आल्या आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, की व्यवस्थित झालं.

त्याला आता सहा महिने झाले. चौकशी चालू आहे. नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. समितीपुढे मी तीनदा उभी राहिले आणि कंस कोणी काढले या प्रश्नाचं तेच उत्तर तीनदा दिलं. ज्या घरांतली माणसं नकार 'देऊन' गेली, त्यातल्या दोन घरांतून मला पत्रं आली. ती पत्रं मी इथे सांगणार नाही. एका बाईंना मी भेटायला गेले होते. त्यांनी दार उघडलं, माझं नाव विचारलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी दहा ते एक मी बाईंच्या घरी असते. बाईंना सगळं सांगून टाकलं तेव्हा त्यांना बोलता येतच नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने पाटीवर मोठं शून्य काढलं आणि पत्र क्रमांक एकपासूनची छापील पानं माझ्यापुढे सरकवली. तेवीसशे पत्रांचे कंस आता मी हाताने परत घालते आहे. बाई चष्मा लावून शेजारी बसतात. एक जरी चुकला तरी टेबलावर टकटक करतात. सध्या पत्र चारशे बारा चालू आहे.

वाचा हळूहळू परततेय. एक शब्द यायला मिनिट मिनिट लागतो आणि तोवर ऐकणाऱ्याचा जीव वरखाली होतो. काकांना तेवढं थांबवत नाही. ते पुढचा शब्द सुचवतात आणि बाई चिडून रेघ ओढतात.

काल एक्केचाळीस नंबरच्या पानाकडे माझं सहज लक्ष गेलं. मी धीर करून विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं? मला, घरी, आणि पुढे?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गेला. "घरी."

काका स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, तसा मी हात वर केला. ते थांबले. बाईंचे ओठ जुळत होते, सुटत होते. गॅसवर दूध वर येऊन उतू गेलं, त्याचा वास आला, पण आमच्यातलं कोणी जागचं हललं नाही.

"च," बाई म्हणाल्या. "चष्मा."

आणि मग, शेवटचे शब्द हाताने ओढून आणावेत तसे, "राहिला. द्या."

काका कप घेऊनच पुढे आले. कप कलंडला. "अगं, बारा दिवस?" ते म्हणाले. "ती कार्डं... ते पुस्तक... तुला दिसतच नव्हतं होय गं?"

बाईंनी मान डोलावली. मग आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहून त्यांना हसू फुटलं, ते डाव्या बाजूने जास्त आणि उजव्या बाजूने थोडं. मला हसूही येत होतं आणि रडूही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. मग चारशे बारा नंबरच्या पानावर टकटक केलं.